आमेन होईपर्यंत

लिदियाबाई त्रिभुवन यांनी उभ्या आयुष्यात कोणाशी भांडण केलं नाही. उधन्याच्या त्यांच्या चाळीत कोणालाही विचारा, हेच सांगतील. त्यांना कोणाला काही बोलायचं असलं की त्या संध्याकाळपर्यंत थांबत आणि देवाला सांगत.

देवाला सांगायची वेळ सातची. उधना स्टेशनच्या मालधक्क्यावरून शांतवन, म्हणजे त्यांचा मुलगा, घरी आला, हातपाय धुऊन झाले, की चटई अंथरली जाई. भिंतीला एक काळी ट्रंक होती, तिला टेकून लिदियाबाई बसत. ट्रंकेची किल्ली पदराला बांधलेली. समोर शांतवन, सून इंदुमती आणि नात उज्ज्वला. एक गीत, मग शास्त्रभाग, मग प्रार्थना. डोक्यावर पदर, डोळे बंद. आणि लिदियाबाई सुरू करत.

"हे दयाळू स्वर्गीय बापा, तू पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घातलंस. आमच्या घरात चार माणसांना बारा पोळ्या होतात, तरी शेवटच्या माणसाला कच्चीच मिळते. तुझे मार्ग अगम्य आहेत."

शेवटचं माणूस म्हणजे त्या स्वतः. इंदू डोळे मिटून ऐके. प्रार्थनेत मधे बोलायचं नसतं हे तर जगभरच्या ख्रिस्ती लोकांत आहे. पण या घरात त्यापुढेही एक नियम होता. प्रार्थनेत जे बोललं गेलं ते देवाचं झालं. आमेननंतर त्यावर माणसांनी बोलायचं नाही. देवाशी बोललेलं चोरून ऐकणं वाईट, आणि ऐकून त्याला उत्तर देणं तर त्याहून वाईट. हा नियम कोणी केला, हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे लिदियाबाईंनी केला असंही नाही. त्यांना तो सासूकडून मिळाला होता. त्या नगरकडच्या एका मिशनवाडीतून लग्न होऊन आल्या, त्या पहिल्याच संध्याकाळी सासू राहेलबाईंनी प्रार्थना केली होती, "प्रभू, तू आम्हाला सून दिलीस, तुझे उपकार. आता तिला हातपायही दे." लिदियाबाईंनी अकरा वर्षं अशा प्रार्थना ऐकल्या. तोपर्यंत त्यांचे यजमान दानिएलमास्तर सुरतेला छापखान्यात खिळे जुळवायला लागले होते, आणि राहेलबाईही बरोबर आल्या होत्या. त्या वारल्या तेव्हा लिदियाबाई ढसाढसा रडल्या आणि तिसऱ्या दिवशी ट्रंकेला टेकून बसल्या. एरवी लोक म्हणतात, विश्वास पुढच्या पिढीला द्यायचा कसा, मुलं ऐकत नाहीत. त्रिभुवनांच्या घरात तो प्रश्न कधी पडला नाही.

या घराण्याचा त्यांना फार अभिमान. मूळ पुरुष रामजी यांचा बाप्तिस्मा मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी झाला होता. आदल्या! लिदियाबाई हा शब्द उच्चारताना मान थोडी वर करत. कारण दुष्काळाच्या वर्षी जे ख्रिस्ती झाले त्यांना लोक नावं ठेवतात, की धान्यासाठी झाले. रामजींवर तसं कोणी बोट ठेवू शकत नव्हतं. त्यांना धान्य मिळालं ते पुढच्या वर्षी, आणि तेही आधीपासूनचे सभासद म्हणून.

इंदूचं माहेर दुष्काळातलं. ऐन दुष्काळातलं. त्याबद्दल लिदियाबाई तिला तोंडावर कधी काही बोलल्या नाहीत. देवाला मात्र त्यांनी एकदोनदा सांगितलं होतं, की "उशिरा आलेल्यांनाही तू पूर्ण मजुरी देतोस, ही तुझी थोरवी आहे, प्रभू. आम्हाला ते जमलं नसतं."

इंदू मराठी शाळेत मास्तरीण होती. खानदेशातून आलेल्या मजुरांची साठ पोरं एका वर्गात कोंबलेली असत, ती इंदूबाईंनी नुसतं पाहिलं की गप्प व्हायची. हीच इंदू घरी येऊन अठरा वर्षं आमेन म्हणत होती. शेजारच्या कलाबाईला याचं फार नवल वाटे. कलाबाईचा नवरा सुकलाल बमरोलीला लूमवर होता. प्रार्थनेच्या वेळी ती बरोबर ओट्यावर भाजी निवडायला बसायची. तिला चाळीतल्या सगळ्या बातम्या तिथे मिळत. दुसऱ्या दिवशी नळावर इंदूला गाठून विचारी,

"आज मन्हं नाव उनं का वं?"

"नाही, तुमचं नाही आलं."

"मंग कोनं उनं?"

"माझंच. रोजच्यासारखं."

"बरं वं तुम्ना देवले," कलाबाई म्हणे, "रोज ताजी बातमी भेटस."

हे असं त्र्याहत्तर सालापर्यंत चाललं. त्या वर्षी उज्ज्वला मॅट्रिक झाली आणि तिने नर्सिंगचा फॉर्म भरला.

हॉस्पिटल तापी लाइनवरच्या एका गावात होतं, मिशनचं. उधन्याहून गाडीत बसलं की थेट तिथे उतरायचं. राहणं-खाणं तिथेच, तीन वर्षांत हातात नोकरी. पोरीला मनापासून जायचं होतं. लहानपणापासून चाळीतल्या पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांना ती औषध लावत आलेली. इंदूने फॉर्मवर सही केली. शांतवननेही केली, कारण पेन इंदूने हातात दिलं होतं.

लिदियाबाईंनी चौकशी केली आणि त्यांना कळलं, की ते मिशन आपलं नव्हे. ते बुडवणारे.

हे समजून घेतलं पाहिजे. त्रिभुवनांच्या मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे पाळकसाहेब कपाळावर तीन वेळा पाणी शिंपडतात. त्या दुसऱ्या मंडळीत माणसाला नदीत नाहीतर हौदात पूर्ण बुडवून वर काढतात. शिवाय त्यांचं म्हणणं असं, की लहानपणी शिंपडलेलं पाणी धरायचं नाही. मोठेपणी पुन्हा बुडायला पाहिजे. एकाच देवाची आणि एकाच पुस्तकाची माणसं, पण पाण्याच्या खोलीवरून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

"पोरगी जाईल शिंपडलेली आणि येईल बुडवलेली," लिदियाबाई म्हणाल्या. हे त्या चक्क डोळे उघडे ठेवून म्हणाल्या, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळेल. "म्हणजे रामजींपासून पाच पिढ्यांचे बाप्तिस्मे काय नुसते थेंब होते?"

"आजी, मी नर्स व्हायला जाते, बाप्तिस्मा घ्यायला नाही," उज्ज्वला म्हणाली.

"तुझी आजी म्हणून सांगते, तिथे आधी नर्स करतात आणि मग हळूच नदीवर नेतात."

"पण नदीला पाणी असतं तरी कुठे बारा महिने?"

"म्हणून हौद बांधलाय त्यांनी."

प्रवेश वीस जूनला. त्या दिवशी हजर झालं नाही तर जागा दुसऱ्या मुलीला, असं फॉर्मवरच छापलेलं होतं. पण आधी निवड झाल्याचं पत्र यायला हवं, आणि ते पत्र घेऊनच हजर व्हायचं. जूनची दहा तारीख गेली, पंधरा गेली. पत्र नाही. उज्ज्वला पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी राहायला लागली. तो म्हणायचा, "ताई, मी काय करू, आलं की देईनच ना." बिचाऱ्याने ते तेरा तारखेला, बुधवारी दुपारी, घरी देऊन टाकलं होतं हे त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. त्या वेळी इंदू शाळेत होती, पोरगी दळण आणायला गेली होती. पाकीट लिदियाबाईंनी घेतलं. त्यांना मोतीबिंदूमुळे अक्षर लागत नव्हतं, पण कोपऱ्यातला क्रूस लागला.

आता लिदियाबाईंचं एक होतं, आणि ते त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्या प्रार्थनेत टोमणे मारत, पण खोटं बोलत नसत. माणसांशी थोडंफार इकडचं तिकडे करायला त्यांची ना नव्हती, देवाशी नाही. त्यामुळे बुधवारपासून त्यांच्या प्रार्थना बिघडल्या. गुरुवारी त्या सहा मिनिटांत आमेनला आल्या. शुक्रवारी मधेच थांबून एवढा वेळ गप्प बसल्या, की शांतवनला वाटलं झोप लागली. कलाबाई नळावर म्हणाली, "मावशीले बरं नही का वं?"

अठरा तारखेला, सोमवारी, त्यांना राहवलं नाही.

"हे प्रभू," त्या म्हणाल्या, "तुझ्यापासून काही लपत नाही. माणसांपासून लपतं, तेही तुझ्याच कृपेनं. बुधवारी जे पाकीट आलं, आणि जे मी दानिएलच्या कोटाच्या खिशात ठेवलंय, ते मी माझ्या स्वार्थासाठी ठेवलं नाही हे तू जाणतोस. पोरीच्या आत्म्यासाठी ठेवलं. वीस तारीख एकदाची शांततेत जाऊ दे. आमेन."

दानिएलमास्तरांचा कोट ट्रंकेत होता. ट्रंक लिदियाबाईंच्या पाठीशी होती.

सगळ्यांनी डोळे उघडले. लिदियाबाईंचा चेहरा हलका झाला होता. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "वाढ गं, इंदू. भूक लागली."

मोरीत हात धुताना इंदूने नवऱ्याला गाठलं. "ऐकलंत ना?"

"प्रार्थनेतलं आहे ते," शांतवन म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्याला माहीत नाही."

"अहो, पोरीचं आयुष्य आहे!"

"मग मी काय आईला विचारू, की तू देवाला काय सांगितलंस? सहा वर्षांचा होतो तेव्हा एकदा आमेनच्या आधी डोळे उघडले होते, तर..." तो गालाला हात लावून बोलला. त्या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली होती.

उज्ज्वलाने दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या कानात विचारलं, "मम्मी, आजी नहायला गेली की किल्ली काढू?"

"तिची किल्ली नहातानाही पदरालाच असते. आणि चोरी करून नर्स व्हायचं नाही."

"मग काय करू? उद्या वीस."

इंदू शाळेत गेली. तिच्या वर्गातल्या पोरांनी त्या दिवशी पाहिलं, की बाईंनी पाढे म्हणायला सांगितले आणि पंधराच्या पाढ्यापासून पुढे ऐकलंच नाही.

संध्याकाळी सातला चटई पडली. गीत झालं. उज्ज्वलाने शास्त्रभाग वाचला. रोज तीच वाचायची, आजीला दिसेनासं झाल्यापासून, नऊ वर्षांची असताना सुरुवात केली होती तिने. मग डोळे मिटले गेले. लिदियाबाईंनी घसा खाकरला. तेवढ्यात आवाज आला, "हे दयाळू स्वर्गीय बापा."

आवाज इंदूचा होता.

लिदियाबाईंचं तोंड उघडं राहिलं ते तसंच राहिलं. मधे बोलायचं नसतं.

"तुझे आम्ही आभार मानतो," इंदू म्हणाली, वर्गात हजेरी घेते तशा सुरात. "तू आम्हाला घर दिलंस, ट्रंक दिलीस. आत्याबाईंचे गुडघे दुखतात हे तू पाहतोस, म्हणूनच तू ट्रंक त्यांच्या पाठीशीच ठेवलीस. त्यांना उठायलासुद्धा लागणार नाही. किती काळजी घेतोस तू! आता त्यांच्या हाताला तेवढी शक्ती दे. तू घाई करू नकोस, प्रभू. आम्ही बसलो आहोत."

आणि ती थांबली. आमेन म्हणाली नाही.

आमेन जो प्रार्थना करतो तो आधी म्हणतो, मग बाकीचे. तोवर डोळे उघडायचे नाहीत, उठायचं नाही, जेवायचं तर नाहीच. शांतवनच्या पोटातून आवाज आला. ओट्यावर कलाबाई भाजी निवडायची थांबली. बाहेरून एक मालगाडी गेली, तिचे डबे संपले, तरी आत सगळं तसंच.

"आमेन," लिदियाबाई हळूच म्हणाल्या.

"आणि प्रभू," इंदू लगेच म्हणाली, "ज्यांना दुसऱ्याच्या प्रार्थनेत आमेन म्हणायची घाई झाली आहे, त्यांना धीर दे."

उज्ज्वलाला हसू आलं, तिने ते पदर नसल्यामुळे ओढणीत कोंबलं.

लिदियाबाईंच्या लक्षात आलं, की नियमातून एकच वाट आहे. त्यांनीही प्रार्थना सुरू केली. "प्रभू, तू हिला सांग. ते लोक बुडवतात."

"प्रभू, आत्याबाईंना सांग, गाडी सकाळी साडेसातची आहे."

"पाच पिढ्या, प्रभू! दुष्काळाच्या आदल्या वर्षापासून!"

"त्या पाच पिढ्यांतल्या एकाही लेकीने स्वतःच्या पायावर उभं राहू नये, असं तुझ्या मनात असेल तर तसं सांग, प्रभू. मी पोरीची पेटी सोडते."

"हिची जीभ बघ, प्रभू!"

"अठरा वर्षं ऐकून शिकले, प्रभू. शिकवणारीला आशीर्वाद दे."

"अरे देवा," शांतवन म्हणाला. तो प्रार्थनेतच म्हणाला की सहज, हे कळलं नाही.

बाहेर कलाबाई कोणाला तरी म्हणाली, "देव बिचारा काय करी आते!"

मग लिदियाबाईंचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता, त्यात तो भारदस्तपणा नव्हता.

"प्रभू, मला वाचून कोण दाखवील? पोरगी वाचते तर समजतं. शांतवन चार ओळी टाकून वाचतो. इंदूचा आवाज शाळेतला आहे, मला वर्गात बसल्यासारखं होतं."

चटईवर कोणीतरी हललं. इंदूला त्या क्षणी सासूची दया आली. पण ती मास्तरीण होती. पोरगं रडलं म्हणून गणित सोडून द्यायचं नसतं, हे तिला माहीत होतं.

"प्रभू," ती म्हणाली, "मी रोज वाचीन. आवाज खाली आणीन. एक ओळ टाकणार नाही. आणि आम्ही अजून बसलोच आहोत."

मग किल्लीचा आवाज झाला. डोळे मिटलेले, आमेन झालेलं नाही, तेव्हा लिदियाबाईंनी पाठीमागे हात नेऊन, चाचपडत, कुलूप तीनदा चुकवून, ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या खोलीत पसरला. कोटाचा एक खिसा, दुसरा खिसा. कागद कुरकुरला. तो कोणाच्या हातात द्यायचा ते दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी तो हवेत धरला. बराच वेळ धरून ठेवला. शेवटी उज्ज्वलाच्या नाकाला लागला.

"आमेन," इंदू म्हणाली.

"आमेन," शांतवन एवढ्या मोठ्याने म्हणाला, की ओट्यावरून कलाबाईनेही म्हटलं.

जेवताना कोणी त्या पाकिटाविषयी अवाक्षर काढलं नाही. नियमच तसा होता. लिदियाबाईंनी एवढंच विचारलं, "भाताला आज काय झालंय?" आणि इंदू म्हणाली, "थांबून थांबून गार झालाय, आत्याबाई."

सकाळी उधना स्टेशनवर सगळे गेले. लिदियाबाई नातीला तिसऱ्यांदा बजावत होत्या. "त्यांच्या उपासनेला जायचं, नाही म्हणू नये. गीतं म्हण, गीतं आपलीच असतात. पण नदीवर न्यायला लागले तर सांगायचं, सर्दी आहे."

"तीन वर्षं सर्दी, आजी?"

"आणि पाणी घोट्याच्या वर आलं की मागे फिरायचं."

गाडी गेली. त्या दिवसापासून शास्त्रभाग इंदू वाचू लागली. आवाज तिने खाली आणला होता; इतका, की लिदियाबाईंना ऐकू येईना आणि त्यांना दर दोन ओळींनी "काय?" म्हणावं लागे. प्रार्थना एक दिवस लिदियाबाई करत, एक दिवस इंदू. शांतवन म्हणे, पूर्वी एकाच बाजूने पाऊस पडायचा. इंदूच्या प्रार्थनेत त्याच्या विड्या आल्या, त्याचं चार ओळी टाकणं आलं, पाकिटाचं कळलं तेव्हा "आपल्याला माहीत नाही" म्हणणं तर दोनदा आलं. विड्या त्याने सोडल्या. लिदियाबाई चक्क खूश झाल्या. "घराण्याचं वळण उचललंय," त्या कलाबाईला म्हणाल्या. "उशिरा उचललं, पण उचललं."

नाताळात उज्ज्वला चार दिवस आली. उंच दिसत होती, नखं आखूड कापलेली, बोलण्यात हॉस्पिटल. लिदियाबाईंनी तिला दुपारभर जवळ बसवलं, खाऊ घातलं, केसांवरून हात फिरवला. केस कधी नदीच्या पाण्यात भिजले होते का, हे हाताला कळतं असं त्यांना वाटत असावं. सरळ विचारायची हिंमत होईना. विचारलं आणि ती "हो" म्हणाली तर?

त्या संध्याकाळी प्रार्थनेची पाळी त्यांची होती. त्यांनी राष्ट्रासाठी केली, पाळकसाहेबांसाठी केली, मग सावकाश मुद्द्यावर आल्या. "आणि प्रभू, सहा महिन्यांत या लेकरावर किती पाणी पडलं, आणि ते कुठपर्यंत आलं, हे तू जाणतोस. मी म्हातारी जाणत नाही. मला शांतीनं डोळे मिटता यावेत म्हणून ते मला कळव."

त्यांनी आमेन म्हटलं नाही. थांबल्या. इंदूकडून त्या हे शिकल्या होत्या.

शांतवनने सवयीने पोट आवळून धरलं. मग उज्ज्वलाचा आवाज आला, शांत, रोग्याला इंजेक्शन देण्याआधी बोलावं तसा.

"हे स्वर्गीय बापा, माझ्या आजीला दीर्घायुष्य दे. माझ्या वॉर्डात बुडवलेली माणसं येतात, शिंपडलेली येतात आणि ज्यांच्या अंगावर आयुष्यात धड पाणी पडलेलं नाही तीही येतात, आणि सगळ्यांना आधी मीच आंघोळ घालते. तू माणसं पाणी मोजून घेतोस असं ज्यांना वाटतं, त्यांची दया कर. आणि आता आम्हाला जेवू दे. आमेन."

तिने आमेन म्हटलं म्हणून सगळ्यांनी म्हटलं, लिदियाबाईंनीसुद्धा, सवयीने. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ही त्यांची प्रार्थना होती आणि पोरीने ती मधेच संपवली.

"चांगली करते हं प्रार्थना," त्या पानावर बसता बसता कौतुकाने म्हणाल्या. "अगदी राहेलबाईंचं तोंड आहे. रक्तच ते." आणि मग पहिला घास हातात घेऊन तशाच बसून राहिल्या, कारण बुडवलं की नाही ते पोरीने सांगितलंच नव्हतं, आणि आता विचारायची सोय उरली नव्हती.